क्लच पेडलचा जडपणा

क्लच पेडलचा जडपणा : हाताने गिअर बदलण्याच्या मोटारगाडीत एंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडण्यासाठी चालकाच्या डाव्या पायाखाली जी तरफ असते, ती दाबण्यास नेहमीपेक्षा अधिक प्रेरणा लागू लागली म्हणजे क्लच जड झाला असे म्हणतात. हा स्वतंत्र बिघाड नव्हे, तर लक्षण होय. एकाच तापामागे निरनिराळे रोग असू शकतात, त्याप्रमाणे या लक्षणामागे पेडलच्या खिळीपासून क्लचच्या स्प्रिंगपर्यंत कोणताही भाग असू शकतो. विशेष असे की, क्लचच्या रचनेत विसाव्या शतकात जे बदल झाले, त्यांमुळे या लक्षणाचा अर्थच बदलत गेला. १९५० च्या सुमाराच्या गाडीत क्लच प्लेट झिजली म्हणजे पेडल हलके होई. आजच्या बहुतेक गाड्यांत प्लेट झिजली म्हणजे ते जड होते. हा फरक ध्यानी न घेता केवळ जुन्या अनुभवावर विसंबून निदान केल्यास केबल, सिलिंडर असे निर्दोष भाग बदलले जातात, खर्च होतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. म्हणून निदानाचा विचार इतिहासासह करणे सोयीचे ठरते.

क्लचमध्ये एंजिनाच्या फ्लायव्हीलला लागून घर्षण-अस्तर लावलेली क्लच प्लेट असते व तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि घर्षणामुळे एंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाते. प्लेट घसरू नये इतका हा दाब असावा लागतो. लहान मोटारीत तो सामान्यतः ३०० ते ४०० किग्रॅ. भाराइतका असतो. पेडल दाबताना चालकाला नेमकी हीच प्रेरणा मागे लोटावयाची असते. कोणाही माणसाच्या एका पायाला हे थेट साधणार नाही. म्हणून पेडल, फोर्क व स्प्रिंगच्या पाकळ्या अशा तीन तरफा एकीपुढे एक योजून ही प्रेरणा सु. चाळिसाव्या हिश्शावर आणलेली असते व पायाला ८ ते १२ किग्रॅ. इतकाच भार जाणवतो. त्याची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागते : पेडल १२ ते १५ सेंमी. खाली जाते, तेव्हा प्रेशर प्लेट जेमतेम दोन-तीन मिमी. मागे सरते. एंजिनाची शक्ती वाढवावयाची, तर दाब वाढवावा लागतो. दाब वाढविला, तर पायावरील भार वाढतो. तो कमी करण्यासाठी तरफेचे प्रमाण वाढवावे, तर पेडलचे अंतर गाडीच्या तळात मावत नाही. क्लचचा सारा इतिहास हा पेच सोडविण्याचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

प्रारंभीच्या गाड्यांत हा प्रश्नच नव्हता. कार्ल बेन्झ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत गिरणीतल्याप्रमाणे पट्टा होता. तो मोकळ्या कप्पीवरून पक्क्या कप्पीवर सरकविला की गाडी चालू लागे. पानार व लव्हासोर या फ्रेंच कारखान्याने १८९१ पासून एंजिन पुढे, त्यामागे क्लच व सरकत्या दंतचक्रांचा गिअरबॉक्स अशी मांडणी रूढ केली आणि क्लच हा मोटारगाडीचा कायमचा अवयव झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांत प्रचलित होता तो शंकूच्या आकाराचा क्लच. फ्लायव्हीलच्या खोलगट शंकूत चामड्याने मढविलेला दुसरा शंकू स्प्रिंगने दाबून बसविलेला असे. पाचरीप्रमाणे तो घट्ट रुतत असल्याने स्प्रिंग फार जोरकस लागत नसे. परंतु रुतलेली पाचर सोडवून घेण्यास जोर लागतो आणि तो पायाला लावावा लागे. चामडे कोरडे पडले की क्लच हिसका देऊन पकडी, म्हणून त्यावर एरंडेल चोपडीत. अधिक चोपडले की तो घसरे, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरावी लागे. क्लचचे निदान हे त्या काळी चामड्याच्या प्रकृतीचे निदान होते. मुंबईत १८९८ च्या सुमारास पहिल्या मोटारगाड्या आल्या, त्या या युगातील होत.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीने (१९०८–२७) वेगळाच मार्ग धरला. तिच्यात ग्रहमालिका-दंतचक्रे असून डावे पेडल पूर्ण दाबून धरले असता पहिला वेग मिळे व ते सोडले असता वरचा. चढण संपेपर्यंत पाय दाबूनच ठेवावा लागे. लक्षावधी लोकांनी ही गाडी चालविली. लांब घाटातून ती हाकताना डाव्या पायाची काय स्थिती होत असेल, याची कल्पना आजचा चालक करू शकेल.

यानंतर एकपत्री कोरडा क्लच सर्वत्र पसरला. फ्रान्समधील द द्यों-बूतों कारखान्याने शतकाच्या पहिल्याच दशकात तो वापरला होता. ॲस्बेस्टसयुक्त घर्षण-अस्तरे निघाल्यावर व अमेरिकेत बोर्ग अँड बेक यांच्या रचनेस मान्यता मिळाल्यावर १९२० नंतर शंकू मागे पडला. या क्लचमध्ये प्रेशर प्लेटच्या मागे वर्तुळाकार ओळीत अनेक मळसूत्री स्प्रिंगा बसविलेल्या असतात. मळसूत्री स्प्रिंगचा गुणधर्म सरळ आहे : जितकी दाबावी तितकी ती अधिक विरोध करते व जितकी सैल सुटावी तितका तिचा जोर घटतो. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगा लांबतात, दाब उतरतो. पेडल हलके लागते आणि चढावर एंजिन गुरगुरते पण गाडी ओढत नाही. अर्थात जड पेडल म्हणजे प्लेट शाबूत, दोष बाहेरच्या जोडणीत, हा आडाखा या रचनेस तंतोतंत लागू होता.

महाराष्ट्रातील मोटार-दुरुस्तीचा व्यवसाय वाढला तो याच रचनेच्या काळात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. सार्वजनिक वाहतुकीत पुणे–अहमदनगर (आता अहिल्यानगर) मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे निजाम स्टेट रेल्वेच्या आधिपत्याखाली १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनिशी सरकारी रस्ता-वाहतूक सुरू झाली होती. १९६१ मध्ये मराठवाडा व विदर्भ येथील सेवा एकत्र होऊन महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले व दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा त्याचा आधार बनल्या. अशा कार्यशाळांत आणि तालुक्याच्या गावच्या गॅरेजांत हाताखाली शिकून मिस्त्रींच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचे ज्ञान पुस्तकी नव्हते, हाताच्या स्पर्शाचे होते, आणि त्या यंत्रांपुरते ते अचूक होते. सिंक्रोमेश नसलेल्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो, त्यामुळे त्या काळच्या ट्रक व बस चालकांना पेडलच्या भारातील थोडाही फरक पायाला कळत असे.

पटल स्प्रिंग अथवा डायफ्रॅम स्प्रिंग आली आणि हे ज्ञान उलटे झाले. तिचे मूळ झ्यूल्यँ बेलव्हील या फ्रेंच संशोधकाने १८६७ मध्ये एकस्व घेतलेल्या बशीच्या आकाराच्या स्प्रिंगमध्ये आहे. अशा बशीचे गणित जनरल मोटर्समधील आल्मेन व लास्लो यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. १९३८ च्या शेव्हर्ले गाडीत या तत्त्वावरील क्लच आला आणि त्याचे नावच पायाच्या बोटांनी दाबता येईल अशा अर्थाचे ठेवण्यात आले. यूरोपात तो १९६० नंतर फैलावला; जर्मनीतील लूक या कंपनीने १९६५ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. भारतात लहान मोटारीचे युग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० पासून सुरू झाले व डायफ्रॅमचा क्लच गावोगावी पोचला.

ही स्प्रिंग म्हणजे मध्यापासून चिरा पाडलेली पोलादी बशी होय. तिच्या चिरांमधील पाकळ्या तरफांचे काम करतात. तिचे वैशिष्ट्य असे की, ती दाबत गेल्यास विरोध आधी वाढतो, एका शिखरापर्यंत जातो, नंतर उतरू लागतो व अगदी शेवटी पुन्हा चढतो. नवीन प्लेट बसविली असता बशी या शिखराच्या पलीकडच्या उतारावर बसते. म्हणून पेडल दाबू लागल्यावर, पुढे अंतर वाढते तसा पायावरील भार कमी होतो. आधुनिक क्लच हलका वाटतो, त्याचे रहस्य हेच. मात्र प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते व बशी उतारावरून मागे शिखराकडे चढते. दाब घटत नाही, वाढतो. आणि तोच वाढलेला भार दर वेळी पायाला उचलावा लागतो. या टप्प्यात प्लेट घसरतही नाही, उलट पकड अधिकच घट्ट असते. त्यामुळे चालकास संशय येत नाही व मिस्त्रीचे लक्ष केबलकडे जाते. शिखर ओलांडून बशी दुसऱ्या बाजूस उतरली की मगच दाब घसरतो, आणि तोवर अस्तराच्या रिव्हेटी फ्लायव्हील घासू लागलेल्या असतात. येथे दोष कारागिराच्या बुद्धीचा नाही. यंत्र बदलले आणि त्याचे हे मर्म सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

पेडल व क्लच यांमधील दुवाही काळानुसार बदलला. आधी दांड्या व खिळी होत्या. त्यांच्या सांध्यांत गंज व माती शिरून जडपणा येई आणि ग्रीसने तो जाई. पुढे आवरणातून जाणारी पोलादी दोरी, म्हणजे क्लच केबल आली. तिला बोलीत सरसकट ‘क्लच वायर’ म्हणतात. खुंट्याला दाव्याचे दोन वेढे दिले की ओढाळ जनावरही जागचे हलत नाही, कारण दोरी जितकी वळते तितके घर्षण नुसते वाढत नाही, तर गुणाकाराने वाढते. केबलचेही तसेच. घर्षणांक ०·१५ असताना सर्व वळणे मिळून अर्धे वर्तुळ झाले, तर लागणारी प्रेरणा सु. १·६ पट होते; गंजाने हा अंक दुप्पट झाला, तर ती अडीचपटीपलीकडे जाते. एंजिनाचे काम करताना केबल मूळ मार्ग सोडून आखूड वळणाने बसविली, किंवा एंजिनाखालील रबरी आधार बसल्यामुळे ती वाकली, तर नवी केबलही जड लागते. धुराड्याच्या नळीजवळून गेल्यास आतील नायलॉनचे अस्तर वितळते. अशा अस्तराच्या केबलीत तेल सोडण्याची सवय हानिकारक आहे. तेल धूळ धरून ठेवते व काही दिवसांनी केबल पूर्वीपेक्षा जड होते.

द्रवीय जोडणीत पेडल मास्टर सिलिंडरचा दट्ट्या लोटते व नळीतील द्रवाच्या दाबाने स्लेव्ह सिलिंडर फोर्क हलवितो. येथे एक गैरसमज आढळतो. नळीत हवा शिरल्यास पेडल जड होत नाही, उलट ते पोकळ लागते व गिअर पडत नाही. जडपणा येतो तो ब्रेक ऑइलच्या जागी एंजिन ऑइल अथवा अन्य खनिज तेल घातल्याने. त्यामुळे रबरी वॉशर फुगतात व दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. रबरी नळी आतून सुजली, तर पेडल सावकाश परतते.

निदान : या सर्व कारणांची दोन गटांत विभागणी करता येते आणि ती विभागणी हेच निदानाचे मर्म होय. एका गटात स्प्रिंगचा वाढलेला जोर, दुसऱ्यात वाटेतील घर्षण. स्प्रिंग एकाच दिशेने जोर करते : पेडल खाली जाताना विरोध करते व परत येताना साहाय्य करते. घर्षण मात्र दोन्ही वेळा आडवे येते. म्हणून पेडल दाबण्यास जड पण सोडताच झटकन वर येत असेल, तर कारण क्लचच्या पोटात, म्हणजे झिजलेली प्लेट किंवा चुकीची प्रेशर प्लेट असण्याचा संभव अधिक. दाबण्यास जड व परतण्यास मंद असेल, तर केबल, सिलिंडर, फोर्क अथवा रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी यांपैकी काहीतरी अडते आहे.

साध्या ताणकाट्याने हे मोजताही येते. एंजिन बंद ठेवून, पेडल एका ठराविक खोलीवरून खाली जाऊ लागण्यास लागणारा भार व त्याच खोलीवरून ते परत उचलले जाऊ लागते तेव्हाचा भार नोंदवावा. दोहोंची सरासरी म्हणजे ढोबळमानाने स्प्रिंगचा वाटा व फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षणाचा वाटा. दाबताना १८ व परतताना ६ किग्रॅ. आले, तर स्प्रिंगचा वाटा १२ व घर्षणाचा ६. स्प्रिंग ठीक आहे, वाट अडली आहे. तेच आकडे १८ व १४ आले, तर स्प्रिंग १६ व घर्षण अवघे २. येथे केबल बदलून काही साधणार नाही, गिअरबॉक्स उतरविणे प्राप्त आहे. पायाला दोन्ही गाड्या सारख्याच जड लागतील. घर्षण भाराप्रमाणे बदलत असल्याने हा हिशेब काटेकोर नव्हे, परंतु हजारो रुपयांच्या कामाची दिशा ठरविण्यास तो पुरेसा आहे.

घर्षण ठरल्यावर जागा शोधण्यासाठी केबल फोर्कपासून सोडवावी. पेडल अद्याप जड असेल, तर दोष पेडलच्या खिळीत किंवा केबलीत. हलके झाले, तर फोर्कपासून आत. फोर्क हाताने हलवून पाहिल्यास त्याच्या बुशांतील गंज कळतो. पेडल ठराविक जागी अडखळून मग सुटत असेल, तर रिलीज बेअरिंगच्या नळीवर खाच पडलेली असते. काल हलका असलेला क्लच आज जड झाला, तर केबलच्या पेडलकडील टोकाशी तारा उसवू लागल्या आहेत का ते प्रथम पाहावे; काही महिन्यांत हळूहळू वाढलेला जडपणा झिजेकडे बोट दाखवितो. केबलच्या गाडीत झिजेबरोबर क्लच पकडण्याची जागा पेडलच्या अंतरात वर सरकते, ही आणखी एक खूण. द्रवीय जोडणी आपोआप जुळवून घेते, म्हणून तिच्यात ही खूण मिळत नाही. गिअरबॉक्स उतरविल्यावर आतील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या अस्तरांतील ॲस्बेस्टस फुप्फुसांस घातक असते, ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

परिस्थितीचाही विचार करावा लागतो. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तोडणीचा भर पावसाळ्यात येतो, माल नाशवंत असतो आणि पोती भरलेल्या लहान टेंपोपासून परराज्यांत जाणाऱ्या ट्रकपर्यंत सर्व वाहनांना काळ्या मातीच्या चिखलातून, रांगेत थांबत-थांबत वाट काढावी लागते. अशा ठिकाणी जडपणाची दोन्ही कारणे एकत्र नांदतात : चिखलपाणी केबलीत व फोर्कच्या बुशांत शिरते, आणि भरलेली गाडी अर्ध्या क्लचवर रेटल्याने प्लेट तापून भराभर झिजते. नुसती केबल बदलून थोडा आराम पडतो, म्हणून निदान बरोबर ठरले असे समजले जाते व प्लेटची झीज पुढे चालू राहते. या भागातून खानदेशात उतरणाऱ्या अजिंठा घाटासारख्या रस्त्यावर जड पेडल जोराने रेटताना केबल तुटली किंवा फोर्क मोडला, तर मालासह गाडी चढावर अडकते व मागील वाहतुकीस धोका उत्पन्न होतो. तेव्हा मोसमापूर्वी ताणकाट्याची परीक्षा करून घेणे शहाणपणाचे.

चालकाच्या शरीरावरील भार हा उपेक्षित विषय आहे. शहराच्या गर्दीत मिनिटास चार वेळा क्लच दाबला असे धरल्यास आठ तासांत १,९२० वेळा दाबला जातो. पेडलला १२ किग्रॅ. लागत असतील, तर दिवसाकाठी डाव्या पायाने एकूण सु. २३ टन भार दाबला. जडपणाने ते २० झाले, तर आणखी १५ टन. मुंबईच्या रस्त्यांवर १९७४ नंतर प्रीमिअर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा तिच्या आठवणी खूप निघाल्या; तिच्या चालकांच्या गुडघ्यांविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिले. आपली गाडी जड झाली हे चालकाला बहुधा उशिरा कळते, कारण भार रोज अल्प-अल्प वाढतो व पाय त्यास सरावतो. दुसऱ्या कोणी ती चालविली की पहिल्याच दाबास उमगते.

अवजड ट्रक व बसमध्ये संपीडित हवेचे साहाय्य देऊन पेडल हलके करतात. तेथे जडपणा आल्यास प्रथम हवेच्या टाकीतील दाब व गळती पाहावी लागते. मोटारींसाठी १९९० नंतर स्वयंसमायोजी क्लच निघाला. त्यात झीज होईल तशी एक पाचरीची कडी फिरून बशीला मूळ जागी ठेवते व पेडलचा भार जवळजवळ कायम राहतो. दुरुस्तीत ही कडी योग्य प्रकारे मागे न फिरविता क्लच आवळल्यास नवा संच पहिल्या दिवसापासून बिघडलेला असतो. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून भारतात स्वस्त मोटारीतही यंत्राने क्लच दाबण्याची सोय आली व अशा गाड्यांत डावे पेडलच उरले नाही. विजेच्या गाड्यांत तर क्लचचीही गरज नसते. ज्यांत पेडल आहे अशा अनेक नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर हा रिलीज बेअरिंगशी एकजीव करून गिअरबॉक्सच्या आतच बसविलेला असतो. त्यामुळे फोर्क सोडवून पाहण्याची जुनी परीक्षा तेथे लागू पडत नाही. ताणकाट्याची मात्र पडते. गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी पुष्कळदा सुट्या भागाहून अधिक होत असल्याने, एकदा तो उतरविल्यावर प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग हे तिन्ही एकाच वेळी बदलण्याचा प्रघात आहे. [→ मोटारगाडी].